वारशाचा शोध घेणाऱ्या इरावतीबाई

कल्याणच्या पुढे लोहमार्गाने जाऊ लागले, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे ओळीने लागतात. अंबरनाथ येथे काळ्या पाषाणाचे सुंदर शिवमंदिर आहे. तेथील शिलालेख शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील, शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. शेजारचे उल्हासनगर त्या मानाने अगदी नवे. 1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. या लोकांना आपली घरेदारे व जमिनी बरोबर आणता आल्या नाहीत. परंतु भाषा, सणवार, गाणी आणि व्यापारातील कसब त्यांच्याबरोबर आले. मग वारसा म्हणावे तरी कशाला? दगडी मंदिराला, घरातील बोलीला, की आईसारख्या नाकाला आणि वडिलांसारख्या कपाळाला? या प्रश्नाचा आयुष्यभर शास्त्रीय दृष्टीने शोध घेणारी एक थोर विदुषी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीनिमित्त राहत होते. त्या देशाला जीवन देणाऱ्या इरावती नदीवरून त्यांनी मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी ती पुण्यास आली आणि हुजूरपागा शाळेत दाखल झाली. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी तिला मुलीप्रमाणे आश्रय मिळाला. त्या घरात ग्रंथांचा सहवास होता आणि मोकळेपणाने विचार करण्याची रीत होती. रक्ताचे नाते नसलेल्या या घराने इरावतीबाईंना ज्ञानाची गोडी लावली. हाही एक वारसाच होता. तो जन्माने न मिळता सहवासाने मिळाला होता.

फर्ग्युसन महाविद्यालयातून 1926 मध्ये त्या तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात प्राध्यापक गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला व 1928 मध्ये एम. ए. ची पदवी मिळवली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आले होते. आपल्या पत्नीनेही तेथे जाऊन संशोधन करावे, असे त्यांना वाटत होते. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजवणाऱ्या महर्षींना मात्र सुनेने एवढ्या दूर परदेशी जाणे पसंत नव्हते. तरीही पतीच्या पाठिंब्याने आणि डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने इरावतीबाई 1928 मध्ये जर्मनीस गेल्या.

बर्लिन येथे मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकता यांचा अभ्यास करणारी एक प्रसिद्ध संस्था होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. गोऱ्या युरोपीय लोकांची बुद्धी जन्मतःच श्रेष्ठ असते, असे फिशर यांचे मत होते. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक वाढलेला असतो आणि ते श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी निरनिराळ्या खंडांतील लोकांच्या 149 कवट्या अत्यंत काळजीपूर्वक मोजल्या. दोन बाजूंतील थोडा फरक सर्वच लोकांत आढळला. वंशाशी त्याचा काही संबंध दिसेना.

आता काय करावे? त्या परक्या देशात होत्या, कर्ज काढून आल्या होत्या, आणि पदवी मिळणे न मिळणे गुरूंच्या हाती होते. तरी त्यांनी मोजमापात जे दिसले तेच लिहिले. गुरूंचा तर्क त्यांच्या प्रबंधाने खोटा ठरवला. 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. वंशश्रेष्ठतेच्या त्याच कल्पनेच्या नावाने जर्मनीत लक्षावधी निरपराध माणसांचा संहार झाला. हे पाहिले म्हणजे एका तरुण विद्यार्थिनीच्या सत्यनिष्ठेचे मोल कळते.

स्वदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला. 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्या अध्यापन व संशोधन करू लागल्या. मोजमापाची साधने घेऊन त्या खेडोपाडी आणि रानावनात हिंडल्या. एकाच जातीची माणसे एकाच कुळातून पसरली असावीत, असा सामान्य समज असतो. इरावतीबाईंना तसे दिसले नाही. कुंभारांचेच पाहा. महाराष्ट्रात काही कुंभार थोर चाकावर मडकी घडवतात, तर काही लहान चाकावर. नाव एक, धंदा एक. परंतु हे गट एकमेकांहून निराळे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 गुणसूत्रे घेऊन प्रत्येक मूल जन्माला येते, हे आज आपण जाणतो. डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण अशा गोष्टी या मार्गाने येतात. भाषा मात्र या मार्गाने येत नाही. सिंधी घरातले मूल मराठी शेजारात वाढले, तर तेही अस्खलित मराठी बोलू लागते. नाती, चालीरीती आणि श्रद्धा यांचेही तसेच आहे. म्हणून इरावतीबाईंनी शरीराच्या मोजमापाबरोबर नातेसंबंधांचाही अभ्यास केला. महाराष्ट्रात अनेक घराण्यांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ होता. उत्तर हिंदुस्थानात असा विवाह निषिद्ध मानला जातो. असे भेद त्यांनी नीट मांडले. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला.

वारशावर त्यांचे प्रेम होते, पण ते आंधळे नव्हते. त्या वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट पायी चालल्या. दिंडीतील अभंगांनी त्यांचे मन भारावून गेले; मात्र एकत्र भजन करणारी माणसे जातीप्रमाणे निरनिराळ्या पंक्तींत जेवतात, हे पाहून त्या व्यथित झाल्या. ‘युगान्त’ या ग्रंथात त्यांनी महाभारतातील कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे माणसे म्हणून पाहिले. त्यांचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले. या ग्रंथाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या लोकांचीही त्यांनी पाहणी केली. माणसाचे गाव सुटते तेव्हा त्याच्या शेतीबरोबर शेजार, देवस्थाने आणि नात्यागोत्याचा आधारही तुटतो, याची त्यांना जाणीव होती.

पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवणाऱ्या या निर्भय विदुषीचे 11 ऑगस्ट 1970 रोजी निधन झाले.

शरीराचा वारसा आपल्याला निवडता येत नाही आणि त्यावरून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. विचारांचा आणि रीतीभातींचा वारसा मात्र पारखून घेता येतो. त्यातील चांगले जतन करावे, वाईट निर्धाराने सोडावे आणि सत्य कटू असले तरी सांगावे, हाच इरावतीबाईंनी आपल्यासाठी मागे ठेवलेला वारसा होय.