गॅरेजात शिकायला गेलेल्या पोराला मालकाचं बाळ सांभाळावं लागलं, पुढे त्याच पोराचं आडनाव जगभरच्या गाड्यांवर लागलं

आपल्याकडे कुठल्याही गॅरेजात गेलात तर एक पोऱ्या दिसतोच. मिस्त्री गाडीखालून हात बाहेर काढतो, पोऱ्या त्यात पाना ठेवतो. चहा आणायचा, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, संध्याकाळी झाडून घ्यायचं. इंजिन उघडायला मिळेपर्यंत बरेच महिने जातात.

ज्या माणसाचं आडनाव आज अॅक्टिव्हावर आहे, आणि त्याआधी हिरो होंडावर अन् पुण्याच्या कायनेटिक होंडावर होतं, त्याची सुरुवात याहूनही खालून झाली. त्याच्या हातात पाना आलाच नाही. आला झाडू, आणि पाठीवर आलं मालकाचं बाळ.

सोईचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा. जपानच्या शिझुओका प्रांतात, हामामात्सु शहराजवळचं एक लहान गाव. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. आई मिका विणकाम करायची. पोरगं भात्याच्या आवाजात आणि लोखंडाच्या तुकड्यांत वाढलं.

शाळेत मात्र लक्ष नव्हतं. प्रगतिपुस्तकावर घरच्यांचा शिक्का मारून आणावा लागे, तर या पठ्ठ्याने सायकलच्या पायडलचं रबर कोरून घरचा शिक्काच बनवला. तो खपला म्हणून वर्गातल्या मित्रांनाही करून दिले आणि तिथे फसला. जपानी लिपीत 'होंडा' ही अक्षरं डावीउजवीकडे सारखी दिसतात, त्यामुळे स्वतःचा शिक्का सरळ उमटला होता. मित्रांची नावं आरशात दिसावीत तशी उलटी उमटली.

गावात पहिली मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे पळत सुटला होता. गाडी निघून गेल्यावर रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला. १९१७ मध्ये आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला. दहा वर्षांच्या सोईचिरोने घरातले थोडे पैसे उचलले, वडिलांची सायकल काढली आणि वीसेक किलोमीटर गेला. सीटवर बसून पाय पोचत नव्हते, म्हणून नळीखालून पाय घालून, आपण हाफ पायडल म्हणतो तसं. तिथे गेल्यावर तिकिटाला पैसे पुरेनात. मग झाडावर चढून विमान बघितलं.

१९२२ मध्ये शाळा संपली. वडिलांकडे येणाऱ्या सायकलच्या मासिकात त्याला टोकियोच्या 'आर्ट शोकाई' या गॅरेजची जाहिरात दिसली. जाहिरात मोटारी आणि मोटरसायकलींच्या दुरुस्तीची होती, नोकरभरतीची नव्हे. तरी त्याने पत्र पाठवलं आणि मालक युझो साकाकिबारा यांचा होकार आला. वडील स्वतः त्याला टोकियोला सोडून आले.

आता तेव्हाच्या जपानमधलं शिकाऊपण समजून घ्यायला हवं. पगार असा नसायचाच. राहायची, जेवायची सोय आणि थोडा हातखर्च. बदल्यात उस्तादाच्या घरी पडेल ते काम करायचं. सोईचिरो वयाने सगळ्यांत लहान, म्हणून त्याच्या वाट्याला साफसफाई आणि मालकाचं तान्हं बाळ. पाठीवर बांधलेलं बाळ शू करायचं आणि मोठी पोरं हसायची. समोर मोटारी उघडून ठेवलेल्या, पण हात लावायची परवानगी नाही. असे कित्येक महिने गेले.

गाशा गुंडाळून घरी पळून जायचा विचार त्याच्या मनात अनेकदा आला. पण सोडायला आलेले वडील आठवायचे. कुठल्या तोंडाने परत जाणार?

मग एका बर्फाच्या दिवशी गॅरेजात इतक्या गाड्या आल्या की हात कमी पडले, आणि मालकाने त्याला हाक मारली. गाडीखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी टपकत होतं. त्यात तो आडवा झाला आणि काम करून बाहेर आला. त्यानंतर बाळ सांभाळायची पाळी कमी होत गेली.

खरी कलाटणी मिळाली ती एका संकटाने. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसराला महाभूकंपाचा धक्का बसला. लाखाहून जास्त माणसं गेली. भूकंपापेक्षाही त्यामागून लागलेल्या आगींनी शहर खाल्लं. आग गॅरेजकडे सरकू लागली तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर काढायची धावपळ उडाली. तोवर ज्याने रस्त्यावर कधी गाडी चालवली नव्हती तो सोईचिरो एका गाडीत बसला आणि पळणाऱ्या गर्दीतून ती घेऊन निघाला. आयुष्यातलं पहिलं ड्रायव्हिंग हे असं.

गॅरेज जळालं. बहुतेक कामगार आपापल्या गावी गेले. सोईचिरो आणि एक जुना कारागीर मालकाजवळ राहिले. कांदा स्टेशनजवळ रेल्वेच्या पुलाखाली काम पुन्हा सुरू झालं. आगीत होरपळलेल्या मोटारी आणायच्या, उघडायच्या, जोडायच्या, चालू करून विकायच्या. तेव्हा चाकांचे आरे लाकडी असत. ते जळून कोळसा झालेले, म्हणजे एकेक नव्याने घडवायचा. पाच वर्षांत जे शिकायला मिळालं नसतं ते त्या पुलाखाली काही महिन्यांत मिळालं, कारण शिकायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

पुढे मालकाने त्याला एकट्यालाच उत्तरेकडच्या मोरिओकाला अग्निशमन बंब दुरुस्त करायला पाठवलं. एवढासा पोरगा बघून तिथल्या लोकांचे चेहरे पडले. उतरायला साधीशी खोली दिली. त्याने अख्खा बंब उघडून ठेवला तेव्हा तर त्यांचा जीव टांगणीला लागला. बंब जोडला गेला, पाण्याचा फवारा उडाला, आणि पोरासाठी खानावळीतली चांगली खोली उघडली.

साकाकिबारांना शर्यतीच्या गाड्यांचाही नाद होता. त्यांनी कर्टिस या अमेरिकन विमानाचं इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर बसवलं. २३ नोव्हेंबर १९२४ च्या शर्यतीत ही गाडी पहिली आली. चालवायला मालकांचे भाऊ, शेजारी मेकॅनिक म्हणून सोईचिरो. ती गाडी आजही होंडाच्या मोतेगी इथल्या संग्रहालयात आहे.

सहा वर्षांनी, १९२८ मध्ये साकाकिबारांनी त्याला हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढू दिली. दुकानाचं नाव वापरू देण्याचा हा मान त्यांच्या शागिर्दांपैकी फक्त त्याला मिळाला. पुलाखाली लाकडी आऱ्यांशी झटापट केली होती, ती इथे कामी आली. त्याने ओतीव लोखंडाचे आरे बनवून पेटंट घेतलं, आणि हा माल पार भारतापर्यंत पोचला.

एकविसाव्या वर्षी सोईचिरोचे 'होंडासाहेब' झाले. इथून पुढचा काळ बहुतेकांना माहीत असतो, पण त्यातली एक बाजू कमी सांगितली जाते. गॅरेजने त्यांना सगळं शिकवलं नव्हतं.

तिशीत ते पिस्टन रिंग बनवायला लागले. रिंगा तुटायच्या आणि कारण सापडेना. टोयोटाला तपासायला दिलेल्या ५० पैकी ३ रिंगा पास झाल्या. धातू हाताने ओळखणाऱ्या माणसाला त्या धातूत काय मिसळलंय हे कळत नव्हतं. मग ते हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत वयाने लहान मुलांबरोबर जाऊन बसले. परीक्षा मात्र दिल्या नाहीत, म्हणून शाळेने बाहेरचा रस्ता दाखवला. पदवी मिळाली नाही, रिंगा जमल्या.

युद्धातले बॉम्बहल्ले आणि भूकंपाने तो कारखानाही गेला. १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस यंत्रांची उरलेली छोटी इंजिनं त्यांनी सायकलींना बसवली. १९४८ मध्ये होंडा मोटर उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. त्यांनी पैसा आणि विक्री सांभाळली, होंडा यंत्रांकडे राहिले. १९५८ ला सुपर कब आली, १९६१ ला आयल ऑफ मॅनच्या शर्यती जिंकल्या.

पण आता उस्ताद ते स्वतः होते, आणि उस्ताद म्हणून सोपे नव्हते. चूक दिसली की हातातलं अवजार फेकायचे, कधी मारायचेही. इंजिन पाण्याने नाही, हवेनेच थंड करायचं, हा त्यांचा हट्ट. तरुण इंजिनिअर विरोध करत होते. १९६८ च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये होंडाची हवेने थंड होणारी गाडी उतरवली गेली आणि अपघातात चालक जो श्लेसर जळून मेला. पुढच्या वर्षी बाजारात आलेली होंडा १३०० ही कारही त्याच पद्धतीची, जड आणि महाग पडलेली. शेवटी इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी त्यांना एकच विचारलं, तुम्ही कंपनीचे अध्यक्ष की इंजिनिअर? होंडांनी पाण्याला परवानगी दिली.

त्याच तरुणांनी १९७२ मध्ये अमेरिकेचे कडक प्रदूषण नियम पाळणारं सीव्हीसीसी इंजिन बनवलं. होंडांना त्यात अमेरिकन कंपन्यांना मागे टाकायची संधी दिसली. पोरांना ते आवडलं नाही. त्यांच्या लेखी हे काम स्वच्छ हवेसाठी होतं. ते ऐकून आपली वेळ झाली हे त्यांनी ओळखलं, आणि १९७३ मध्ये फुजिसावांसोबत निवृत्त झाले. कंपनी मुलाला दिली नाही.

निवृत्तीनंतर ते देशभरातले कारखाने आणि दुकानं फिरले, एकेका कामगाराशी हात मिळवायला. एका मेकॅनिकने हात तेलकट आहेत म्हणून मागे घेतले, तर त्यांनी तेच हात धरले आणि तेलाचा वास घेतला. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातावर हातोड्याच्या आणि धारेच्या इतक्या खुणा होत्या की त्या हाताचं चित्रच त्यांनी काढून ठेवलं होतं. आदर कुणाचा वाटतो असं विचारलं की नाव एकच घ्यायचे, युझो साकाकिबारा.

५ ऑगस्ट १९९१ रोजी, ८४ व्या वर्षी ते गेले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा नको, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्याच्या अंत्ययात्रेने रस्त्यावर ट्रॅफिक जाम होईल, हे त्यांना पटत नव्हतं.