सोवळ्याच्या पलीकडे

गेल्या वर्षीची गोष्ट. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. दर वेळी बैठक गावातल्या मधल्या ओळीतल्या घरांत व्हायची. या वेळी एका मैत्रिणीने हौसेने आपल्या घरी बोलावलं. तिचं घर गावाच्या टोकाला, पलीकडच्या वस्तीत. अंगण सारवलेलं, सतरंजी अंथरलेली. हिशेब झाले, वह्या मिटल्या आणि चहा आला. तसे एकेकीला उपास आठवू लागले. कुणी नुकताच घेऊन आलेली, कुणाचं पोट बिघडलेलं. मला खरं तर काहीच अडचण नव्हती. पण बाकीच्या काय म्हणतील, या विचाराने मीही ॲसिडिटीचं कारण सांगून कप परत ठेवला. अर्ध्या तासापूर्वीच मी तिथे स्त्रियांच्या एकजुटीवर बोलले होते!

घरी येईपर्यंत त्या मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. रात्री झोप आली नाही म्हणून कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत आपण सगळ्यांनीच त्यातला एखादा धडा वाचला असेल आणि खुदुखुदू हसलोही असू. या वेळी मात्र मला त्यात काही वेगळंच सापडलं.

मैत्रिणींनो, हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत त्यांच्या आईचे वडील फासावर गेले. त्या धक्क्याने म्हणा किंवा कशाने म्हणा, लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, की पुन्हा पाणी. घरातल्या बायकामुलांचा जीव त्यात मेटाकुटीला यायचा. अशा घरात ही मुलगी वाढली. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं आणि कुणाच्या नाही, हे तिला अक्षरांच्या आधी शिकवलं गेलं.

शाळा तर नव्हतीच. परकर नेसण्याच्या वयात लग्न झालं. थोडंफार लिहिणं-वाचणं नवऱ्याने शिकवलं. नवरा बुद्धिमान, कवी, मनाने उदार, पण एका जागी न टिकणारा. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला तर तो घरापर्यंत पोचेलच, याचा भरवसा नाही. संसाराची ओढाताण सगळी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. आपल्या विदर्भाशीही त्यांचा संबंध आला. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला टिळक काही काळ होते. तिथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ते साल होतं १८९३. दोन वर्षं टिळकांच्या मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

आता जरा लक्ष्मीबाईंच्या जागी उभं राहून बघा. वय सत्तावीसच्या आसपास, पदरी दत्तू हे लहानगं पोर. नवरा जिवंत आहे, पण संसार नाही. ना सवाष्णीचा मान, ना विधवेसारखी मोकळी सहानुभूती. नातेवाइकांनी सांभाळलं, पण चारचौघांची बोलणी कुठे चुकतात? लक्ष्मीबाई रडल्या, चिडल्या, आजारी पडल्या. नवऱ्याच्या नव्या धर्माचा त्यांना मनापासून राग होता आणि तो त्यांनी पुढे लिहिताना लपवलाही नाही. त्या दुःखात त्या कविता करू लागल्या.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला टिळकांजवळ आल्या, पण आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची. एका घरातला नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली ब्राह्मणीण, हे दृश्य त्या काळी किती जणांना हसू आणणारं असेल!

आणि मग ती गोष्ट घडली, जी मला या सगळ्या आयुष्यातली सर्वांत मोठी वाटते. कुणी उपदेश केला नाही, कुणी वादात हरवलं नाही. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करत होत्या. जात देवाने केली असती, तर जनावरांमध्ये जसे वेगवेगळे आकार दिसतात तशा माणसांतही काही खुणा दिसल्या असत्या. त्या तर दिसत नाहीत. मग हे सगळं माणसांनीच केलेलं. एकदा हे पटल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. आणि तसं केलं. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. म्हणजे बघा, आधी माठातल्या पाण्याचं सोवळं गेलं, दीक्षेचं पाणी मागाहून आलं.

आपल्याकडे उलटं होतं. विचार आपण पटकन बदलतो, भाषणात तर लगेचच. स्वयंपाकघर बदलायला पिढ्या जातात. धर्म बदलला म्हणून जात आपोआप सुटते, असंही नाही. ती सोडावी लागते, हाताने, रोज. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्त पुस्तकात राहिला नाही, तो त्यांच्या चुलीपर्यंत आला.

पुढचं त्यांचं घर म्हणजे धर्मशाळाच. तो दुष्काळाचा आणि प्लेगचा काळ. अनाथ, आजारी पोरांना त्यांनी जवळ केलं. प्लेगच्या दिवसांत लोक सख्ख्या माणसाला टाकून पळत होते, तेव्हा या बाई दुसऱ्यांच्या आजारी मुलींजवळ बसल्या. ज्या बाईला लहानपणी परक्याच्या सावलीची भीती शिकवली होती, ती आता परक्याच्या लेकराची घाण काढत होती. आपले लाडके बालकवी ठोंबरे तरुणपणी नगरला त्यांच्याच घरी राहिले. बालकवींचा धर्म हिंदूच राहिला, आणि त्या घरात कुणाला त्याची अडचण वाटली नाही.

समाजाच्या विरुद्ध जाणं म्हणजे एका कळपातून निघून दुसऱ्या कळपात शिरणं नव्हे, हेही या दांपत्याकडून शिकावं. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी साहेबी थाट घेतला नाही. टिळकांनी अभंग लिहिले, भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त सांगितला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला.

लक्ष्मीबाई त्यानंतरही थांबल्या नाहीत. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच राहिलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय या शाळा न शिकलेल्या बाईने रचले. १९३३ साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहिल्या, त्या १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं. त्या आठवणींत स्वतःची थोरवी कुठेच नाही. उलट स्वतःच्या फजित्या, राग, भांडणं सांगून त्या आपल्याला हसवतात. म्हणून तर त्या आपल्या वाटतात.

आपल्या यवतमाळला ख्रिस्ती माणसं नवी नाहीत. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी इथेच होती, मग ती पुण्याला गेली. तरी नाताळच्या केकपलीकडे आपल्याला त्यांच्याबद्दल किती माहीत असतं? लक्ष्मीबाईंचा धर्म घ्या, असं मी म्हणत नाही. मी माझ्या देव्हाऱ्यात रोज दिवा लावते आणि लावत राहीन. पण त्या दिव्याचा उजेड माझ्या स्वयंपाकघरापर्यंत, माझ्या हातातल्या कपापर्यंत पोचतो का, हे त्यांनी मला विचारायला लावलं.

पुढच्या महिन्याची बैठक मी मागून त्याच घरी ठेवली. जरा लवकर गेले. आधी त्या मैत्रिणीची मनापासून माफी मागितली. ती काही बोलली नाही, नुसती चुलीकडे वळली. बैठकीनंतर चहा आला तेव्हा पहिला कप मी उचलला. माझ्यामागून दोघींनी उचलला. बाकीच्यांनी नाही. कमी वाटतं ना? मलाही वाटलं. पण मागच्या बैठकीला ट्रेमधले सगळे कप भरलेलेच परत गेले होते. या वेळी तीन रिकामे गेले.