आनंदीबाई कर्वे : एका माउलीचा संसार

मुंबईच्या उत्तरेस पवई म्हणून जो भाग आहे, तेथील तलाव १८९१ साली शहरास पाणी मिळावे या हेतूने बांधण्यात आला. त्या वेळी भोवती डोंगर व झाडी होती. आज त्याच काठावर उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत राहून कचेरीत जाणारी बाई असो, की तिच्या घरी धुण्याभांड्यांस येणारी बाई असो, दोघींच्या मनात सकाळी उठल्याबरोबर एकच विवंचना असते : घरची लहान मुले कोणी सांभाळावी, आणि बाहेरचे काम कसे उरकावे. ही विवंचना आजची नव्हे. ज्या साली तो तलाव बांधला गेला, त्याच साली मुंबईच्या शाळांतून गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे या गृहस्थांची पत्नी राधाबाई वारली. मागे रघुनाथ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा राहिला. त्याच वर्षी धोंडोपंत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक झाले. पुढे त्यांच्या घरी जी दुसरी माउली आली, तिच्या संसाराची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगणार आहो.

धोंडोपंतांचे नाव कोणास ठाऊक नाही? विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापणारे, १९५८ साली भारतरत्न ही पदवी मिळालेले, आणि शंभरी ओलांडून १९६२ साली निवर्तलेले महर्षी ते हेच. त्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. परंतु त्या थोर कार्याची किंमत ज्या घराने भरली, त्या घराची चूल कोण पेटवीत होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या मते ते जाणून घेण्याजोगे आहे. विशेषतः जे बंधू दिवसभर गावोगाव सेवेसाठी हिंडतात, त्यांनी तर ते अवश्य जाणून घ्यावे.

या बाईंचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख हे त्यांचे माहेर. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे लग्न नातू यांच्या घरी झाले, आणि तीनच महिन्यांत नवरा वारला. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्या मुलीच्या कपाळी वैधव्य आले. त्यानंतर कित्येक वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. शेवटी बंधू नरहरपंत यांनी त्यांस मुंबईस आणले. हे नरहरपंत धोंडोपंतांचे जिवलग स्नेही होते. तारीख ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले, तेव्हा तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा ती ही गोदूबाई. ज्या वयात इतर बायका मुलांच्या शाळेची काळजी वाहतात, त्या वयात ही बाई स्वतः धुळाक्षरे गिरवू लागली. सदन पुढे पुण्यास गेले, त्याबरोबर गोदूबाईही पुण्यास आल्या.

धोंडोपंतांच्या मनात पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच करावे, असा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांनी संमती दिली, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. योगायोग असा की, चार वर्षांपूर्वी याच तारखेस शारदासदनाचे दार उघडले होते. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. घरची माणसे त्यांस बाया म्हणत. परंतु आनंद सहज मिळाला नाही. धोंडोपंतांचे गाव मुरूड. गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांस वाळीत टाकले; त्यांस घरात घेईल त्या आईवर व भावावरही बहिष्कार पडावा, असे ठरले. सख्ख्या आईच्या घरी मुलाने जाऊ नये आणि सुनेने उंबरठा ओलांडू नये, हे दुःख ज्यांनी सोसले आहे त्यांसच कळेल. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता संसाराकडे पाहू. घरात सावत्र मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा. मग शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. धोंडोपंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद असल्यामुळे त्यांस पगार महिना पंचाहत्तर रुपये. त्या काळच्या मानाने हे काही अगदी थोडे नव्हे. चार मुलांचे घर त्यात नेटाने चालले असते. परंतु त्या पगारावर घराचा एकटीचाच हक्क नव्हता.

१८९६ साली धोंडोपंतांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, आणि आपल्याजवळची शिल्लक त्या कामी देऊन टाकली. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याचा पाच हजार रुपयांचा विमाही आश्रमाच्या नावे केला. विमा म्हणजे काय? बाप अकस्मात गेला, तर आईला व लेकरांना उभे राहावयास तेवढाच आधार. तो आधारही गेला, तेव्हा आनंदीबाईंना फार वाईट वाटले. कोणी म्हणेल, एवढ्या थोर पुरुषाची बायको, तिने असे दुःख करावे काय? आम्हास तसे वाटत नाही. ज्या बाईने आठव्या वर्षी वैधव्य पाहिले, तिला आधारावाचून विधवेचे काय होते हे नवऱ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. ती स्वतःच्या लुगड्यांसाठी रडली नाही. ती झोपलेल्या मुलांकडे पाहून रडली. आणि रडूनही तिने घर सोडले नाही, की कामाच्या आड ती आली नाही.

पुण्यात प्लेगाची साथ आली, तेव्हा आश्रम शहरात ठेवणे कठीण झाले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली त्या माळावर आश्रमाची झोपडी उभी राहिली. हिंगणे पुण्यापासून सुमारे चार मैल. मधला रस्ता कच्चा. पावसाळ्यात चिखल इतका की पाय रुतावे. धोंडोपंत दिवसा कॉलेजात शिकवीत, संध्याकाळी पायी हिंगण्यास जात, रात्री तेथील बायकांस शिकवीत, आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास परत येत. असा क्रम पुष्कळ काळ चालला. या खेपांचे वर्णन त्यांच्या चरित्रांतून वाचताना अंगावर काटा येतो.

परंतु आम्ही वाचकांस विचारतो : त्या संध्याकाळी पुण्यातील घरी काय होत होते? दिनकर १८९९ साली जन्मला. म्हणजे झोपडी उभी राहिली तेव्हा तो अंगावरचा होता. शंकर पाच-सहा वर्षांचा. थोड्याच वर्षांत भास्करची भर पडली. दिवेलागणीला एका लेकराला भूक लागावी, दुसऱ्याने हट्ट धरावा, तिसऱ्याचे अंग तापावे, हे कोणत्या घरी चुकले आहे? बाप रात्री घरी नाही. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक, मुलांची अंथरुणे घालणे, रात्री उठून पाणी देणे, हे सारे एकट्या बाईवर. धोंडोपंतांच्या चार मैलांच्या चालीचा हिशोब लोकांनी ठेवला. स्वयंपाकघरातून अंथरुणापर्यंत आणि अंथरुणापासून पाण्याच्या घागरीपर्यंत आनंदीबाई रोज किती मैल चालत होत्या, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

मग सगळे कुटुंबच हिंगण्यास का गेले नाही, अशी शंका वाचकांस येईल. यातच या हकीकतीतील सर्वांत कडू घोट आहे. आश्रमात विधवांस शिक्षण द्यावयाचे, पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, असे धोंडोपंतांनी लोकांस सांगितले होते. नाही तर वर्गणी मिळाली नसती, आणि कोणी आपली मुलगी तेथे पाठवली नसती. आनंदीबाई तर स्वतः पुनर्विवाह केलेल्या. त्यांचा तेथे उघड वावर असावा हे लोकांस खपण्यासारखे नव्हते. म्हणून ज्या आश्रमासाठी त्यांच्या मुलांच्या तोंडचा घास गेला, त्याच आश्रमापासून त्यांस दूर राहावे लागले. इतर विधवांचे भले व्हावे म्हणून एका विधवेने दाराबाहेर उभे राहणे पत्करले. हा त्याग कोणत्याही वर्गणीच्या यादीत लिहिलेला नाही.

तरी बाया हात बांधून बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नागपुरास राहून सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले, आणि त्या कामावर घरखर्चास हातभार लावला. जी बाई स्वतःच्या लेकरांस रात्री थोपटून झोपवी, तीच दुसऱ्याच्या घरी नवे लेकरू जगात आणावयास जाई. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही लहान वयात विधवा झाली होती, व तिच्या पदरी एक मुलगा होता. तीही पुण्यास आली, शिकली, आणि पुढे आश्रमाचा मोठा आधारस्तंभ झाली. गावोगाव हिंडून तिने आश्रमासाठी पैसे जमवले. एका घरच्या दोन बहिणी : एक आश्रमाच्या आत राहून झिजली, दुसरी बाहेर राहून.

मुलांचे काय झाले, हे ऐकावयास वाचक उत्सुक असतील. रघुनाथ १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला; पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, आणि समाजस्वास्थ्य या मासिकाचा संपादक म्हणून गाजला. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासा येथे गेला. दिनकर रसायनशास्त्राचा अध्यापक व फर्ग्युसन कॉलेजाचा प्राचार्य झाला. विदुषी इरावतीबाई या त्याच्याच पत्नी. सर्वांत धाकटा भास्कर याने पत्नी कावेरीबाई यांच्यासह हिंगण्याच्या संस्थेचे काम अंगावर घेतले. ज्या दाराबाहेर आईस उभे राहावे लागले होते, त्याच दारातून मुलगा व सून आत गेली आणि ते घर त्यांनी आपले म्हणून चालवले. देवाचा हिशोब कधी कधी असा फिटतो.

उतारवयात आनंदीबाईंनी आपली हकीकत सांगितली आणि सून कावेरीबाई यांनी ती शब्दबद्ध केली. १९४४ साली ती माझे पुराण या नावाने प्रसिद्ध झाली. धुळाक्षरे उशिरा शिकलेल्या बाईचे पुस्तक छापले जावे, आणि ते सुनेच्या हातून व्हावे, ही गोष्ट आम्हास फार गोड वाटते. सासूचे ऐकून घेणारी सून आणि सुनेपुढे मन मोकळे करणारी सासू ज्या घरात असते, त्या घरातील जुनी दुःखे व्यर्थ जात नाहीत. १९५० साली आनंदीबाई निवर्तल्या. धोंडोपंत त्यांच्या मागे बारा वर्षे जगले. मोठा सन्मान आला तेव्हा तो पाहावयास बाया राहिल्या नव्हत्या.

प्रिय बंधूंनो, ही हकीकत आम्ही केवळ कौतुकासाठी सांगितली नाही. तुमच्यापैकी कित्येक दिवसा शाळा चालवता, संध्याकाळी पुढच्या वाडीवर प्रार्थनेस जाता, आणि रात्र पडल्यावर कंदील घेऊन परत येता. लोक तुमचे पाय मोजतात, आणि मोजावेत हे योग्यच आहे. परंतु घरी दिवा मालवून, लेकरांस कुशीत घेऊन तुमची वाट पाहणारी जी आहे, तिचेही पाय दिवसभर थांबलेले नसतात. घरची शिल्लक देवाच्या कामी देण्यापूर्वी तिला विचारा. ती डोळ्यांत पाणी आणील, तर त्याला विश्वासाची उणीव समजू नका. लेकरांची काळजी वाहण्याचे काम देवानेच तिला दिले आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ घरी राहा, मुलाला मांडीवर घ्या, आणि पाण्याची घागर तुम्ही उचला. सेवेस त्याने उणेपणा येत नाही.

आणि भगिनींनो, तुमच्या कामाचा हिशोब मंडळीच्या वहीत नसेल, तरी तो कोठेच नाही असे समजू नका. हिंगण्याचा आश्रम ज्यांनी उभा केला, त्यांत पुण्यातील त्या घरी रात्री जागणारी आईही होती.