दादासाहेब फाळके

कथा शब्दांनीं सांगतां येते, हें आपण सर्व जाणतों. परंतु एकही शब्द न उच्चारतां ती हजारों लोकांस कशी सांगावी? हें कोडें सोडविणाऱ्या एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्यांच्या घरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला. पण प्लेगनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. नंतर छापखाना काढला, तोही भागीदारांशीं न पटल्यामुळें सोडावा लागला. चाळिशी आली तरी हातीं स्थिर असें कांहींच नव्हतें.

अशा वेळीं, १९११ च्या सुमारास, त्यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभु येशूचें चरित्र उलगडत असतां, आपल्या लोकांच्या रामकृष्णादि कथाही अशाच दाखवितां येतील, या विचारानें त्यांस घेरलें. रात्रंदिवस चित्रपट पाहून व अभ्यास करून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. औषधोपचारानें ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ सालीं ते विलायतेस गेले, कला शिकले व यंत्रसामग्री घेऊन आले.

पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यापुढें कॅमेरा रोखला आणि महिनाभर नेमानें एकेक चित्र घेतलें. तीं चित्रें पडद्यावर सलग धांवूं लागतांच मातींतून अंकुर वर आला, पानें उलगडलीं व पाहतां पाहतां रोप मोठें झालें! तेथें नट नव्हता, संवाद नव्हता. तरी आरंभ, वाढ व परिणाम हीं कथेचीं तिन्हीं अंगें होतीं. तें पाहून कर्ज देणारा मिळाला. पुढें आगकाड्याही त्यांनीं याच युक्तीनें पडद्यावर नाचविल्या.

पहिल्या मोठ्या चित्रपटासाठीं त्यांनीं हरिश्चंद्राची कथा निवडली, यांतही मर्म होतें. अनेक प्रेक्षकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून सर्वांस ठाऊक असलेली कथाच मुक्या चित्रांनीं सांगणें सोयीचें होतें. काम करावयास स्त्रिया मिळेनात, तेव्हां उपाहारगृहांतील साळुंके नांवाचा तरुण आचारी तारामती झाला. सरस्वतीबाईंनीं सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचें कामही केलें. ता. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांनीं मोठी कीर्ति मिळविली. ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी.

पुढें बोलपट आले व मूकपटांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें विपन्न स्थितींत त्यांचा अंत झाला. चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नांवानें दिला जातो. पण तो मान पाहावयास ते राहिले नव्हते.

बालमित्रहो, एकेका चित्रासाठीं महिनाभर कुंडीपुढें उभे राहणारे फाळके आपण आठवावे. फळ लवकर दिसत नाहीं म्हणून हातीं घेतलेलें काम टाकावेसें वाटेल, तेव्हां तो वाटाण्याचा अंकुर आपणांस धीर देवो.