विश्लेषण : तक्ता रिकामा आहे का? संगणकाच्या या प्रश्नाशी जॉर्ज बूल यांचा संबंध काय?

प्रोग्रॅममध्ये माहितीचा तक्ता वापरण्याआधी तो रिकामा तर नाही ना, हे तपासावे लागते. उत्तर एकच : खरे किंवा खोटे. अशा उत्तराला अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ‘बूलियन’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या जॉर्ज बूल यांच्या हयातीत आजचा संगणक नव्हताच.

कोण होते बूल?

इंग्लंडमधील लिंकन येथे २ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवत. घरची ओढाताण म्हणून जॉर्ज १६व्या वर्षी शिक्षकी करू लागले. १९व्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठाची पदवी नव्हती, गणित स्वतःच शिकले. तरीही १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि १८४९ मध्ये ते आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. ज्यांचे नाव एव्हरेस्ट शिखराला आहे, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी.

त्यांचे वेगळेपण काय?

१८४७ आणि १८५४ च्या ग्रंथांत त्यांनी तर्काला बीजगणिताचे रूप दिले. विचारात घेतलेले सर्व म्हणजे १, ज्यात काहीच नाही तो गट म्हणजे ०. दोन गटांचा गुणाकार शून्य आला, तर त्यांच्यात सामाईक काहीच नाही. ‘काहीच नाही’ हेही असे गणितात मांडता येऊ लागले.

१८६४ मध्ये ते भर पावसात चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांतच व्याख्यान दिले. आजार बळावला आणि ८ डिसेंबरला, ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संगणकात हे कसे आले?

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी विजेच्या स्विचची जोडणी बूल यांच्या बीजगणिताने मांडता येते, हे प्रबंधात दाखवले.

आज काय लक्षात ठेवावे?

पायथॉनमध्ये रिकामी यादी अटीत थेट ‘खोटे’ धरली जाते. ‘पांडाज’ लायब्ररीतील तक्ता मात्र तसा दिला, तर त्रुटी येते. कारण प्रश्न तक्त्याबद्दल आहे की आतल्या मूल्यांबद्दल, हे स्पष्ट नसते. तेथे ‘एम्प्टी’ हा गुणधर्म विचारावा. ओळी किंवा स्तंभ शून्य असतील, तरच उत्तर ‘खरे’ येते. ओळी आहेत, पण सर्व मूल्ये गहाळ आहेत, तर उत्तर ‘खोटे’! ती गहाळ मूल्ये वेगळी तपासावी लागतात.