कृष्णाकाठचे यशवंतराव

सातारा जिल्ह्यात उंब्रज नावाचे गाव आहे. तेथे तारळी नदी कृष्णेला मिळते. पुढे कऱ्हाडास कृष्णेची आणि कोयनेची भेट होते. त्या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून त्या स्थळास प्रीतिसंगम असे म्हणतात. या संगमाच्या काठी यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे.

कृष्णेने आपल्या काठाला काळी, कसदार जमीन दिली आहे. परंतु पावसाळ्यात हीच माउली कधी कधी रौद्र रूप धारण करते. मग उभी पिके आडवी होतात, घरे कोसळतात, गुरे वाहून जातात. पूर काही दिवसांत ओसरतो. पण मोडलेला संसार पुन्हा उभा कसा राहतो? यशवंतरावांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या त्यांच्या आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. ते लहान असतानाच वडील प्लेगने दगावले. घराचा आधारच गेला. परंतु आई विठाई डगमगल्या नाहीत. त्यांनी कष्ट करून मुलांना वाढविले. थोरल्या भावांनीही भार उचलला. एकट्याने न पेलणारे संकट सर्वांनी मिळून पेलता येते, हा धडा यशवंतरावांना घरातच मिळाला.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले व ते वकील झाले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

राज्याला जेमतेम सव्वा वर्ष झाले, तोच मोठा घाला आला. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरते झाले नव्हते, तोच पावसाने जलाशय भरला. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटले. नदीकाठच्या वस्त्या आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अनेकांचे प्राण गेले, हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. शहराला पाणी मिळत असे ते खडकवासल्याचे. त्यामुळे चहूकडे पाणीच पाणी झालेले असताना प्यायला मात्र पाणी राहिले नाही.

अशा वेळी अन्न आणि वस्त्र ही पहिली गरज असते. परंतु माणूस कायमचा दुसऱ्याच्या दारात उभा राहू इच्छीत नाही. यशवंतरावांच्या शासनाने पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे या कर्तबगार प्रशासकाकडे सोपविले. गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पुष्कळ पूरग्रस्तांनी एकत्र येऊन सहकारी गृहसंस्था स्थापन केल्या. शासनाने जागा दिली आणि लोकांनी घरे उभारली. ज्यांचे सर्वस्व गेले होते, ती माणसे पुन्हा स्वतःच्या उंबरठ्यावर उभी राहिली.

शहराला जे हवे, तेच खेड्यालाही हवे. पूर ओसरल्यावर खेड्यातील विहिरींत गाळ साचतो, रोगराई पसरते, जनावरे आजारी पडतात, पेरलेले बियाणे वाहून जाते. त्या वेळी दूरच्या राजधानीतून मदत येईपर्यंत थांबून चालत नाही. दवाखाना, शाळा, सोसायटी ही जवळच असावी लागतात आणि त्यांचा कारभार पाहणारी माणसेही आपलीच असावी लागतात. १९६१ सालीच यशवंतरावांच्या कारकिर्दीत जिल्हा परिषदांचा कायदा झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या काम करू लागल्या. शेती, शिक्षण, आरोग्य, रस्ते आणि जनावरांचे दवाखाने यांचा पुष्कळसा कारभार गावकऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती आला.

१९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री झाले. पुढे त्यांनी गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही सांभाळली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दिल्लीत इतकी वर्षे घालवूनही कृष्णाकाठचा त्यांना विसर पडला नाही. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हेच नाव दिले.

२००५ आणि २०१९ साली कृष्णेला पुन्हा महापूर आले. अनेक गावांतील माणसांनी शाळांतून आसरा घेतला. तरुणांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाण्यातून बाहेर काढले. पाणी उतरल्यावर घराघरांतील चिखल उपसला गेला आणि शेतांत पुन्हा पेरणी झाली. नदीला पूर येणे आपल्या हाती नाही. परंतु पुरानंतर एकमेकांचा हात धरून उभे राहणे मात्र आपल्या हाती आहे.