वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषविली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. तोंडाचा कर्करोग, कंबरेवरील त्वचेचा कर्करोग आणि कुष्ठरोग या तीन विषयांतील त्यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळविली. परत आल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. त्या काळात भारतातील हुशार वैद्यकीय पदवीधर बहुधा शल्यचिकित्सा किंवा औषधोपचार यांकडे वळत. विकृतिशास्त्रज्ञाला खाजगी व्यवसायाची फारशी संधी नव्हती, आणि रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसे. तरीही खानोलकरांनी हाच विषय आयुष्यभर धरून ठेवला.

टाटा मेमोरियल रुग्णालय

सर दोराबजी टाटा न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. खानोलकर तेथे प्रयोगशाळांचे संचालक म्हणून रुजू झाले. केवळ कर्करोगासाठी असलेल्या या रुग्णालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतून रुग्ण येत. प्रत्येकाची गाठ, व्रण किंवा चामखिळीसारखी वाढ प्रयोगशाळेत तपासली जाई. काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतले जात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जात आणि वाढ सौम्य आहे की मारक, याचा निर्णय दिला जाई. सौम्य वाढीत पेशी आपली रचना व मर्यादा सोडत नाहीत. मारक वाढीत त्या खालच्या ऊतकात शिरतात. दिसायला निरुपद्रवी वाटणारी वाढ कधी कधी मारक निघते, तर भीतिदायक दिसणारी काळी, खडबडीत वाढ पुष्कळदा अगदी सौम्य असते. त्यामुळे रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया करायची की त्याला निर्धास्त घरी पाठवायचे, हे या अहवालावर ठरत असे.

खानोलकरांचे वेगळेपण असे की, निदान देऊन ते थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, काय खातो, तंबाखू कशी घेतो, कोणते वस्त्र नेसतो, याची माहिती त्यांनी सूक्ष्मदर्शकातील निष्कर्षांशी जोडून पाहिली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला.

धोतराचा कर्करोग

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी रूढी व सवयी यांच्याशी निगडित अशा, भारतात आढळणाऱ्या तीन कर्करोगप्रकारांचे वर्णन एका अमेरिकन नियतकालिकात केले. त्यांपैकी दोन तंबाखूमुळे होणारे होते. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः विशाखापट्टणम भागात, चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात ठेवून ओढली जाते. तेथील रुग्णांत टाळूचा कर्करोग दिसून आला. चुन्यासह मळलेली खैनी खालचा ओठ व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवणाऱ्यांत तो नेमका त्याच जागी, ओठाच्या आत, आढळला.

तिसरा प्रकार त्वचेचा होता आणि मराठी वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल. धोतर कंबरेभोवती एकाच जागी घट्ट आवळून वर्षानुवर्षे नेसले की तेथील त्वचा घासली जाते. घाम, धूळ आणि उष्णता यांची त्यात भर पडते. प्रथम त्वचेचा रंग बदलतो, मग ती जाड व खवल्यांची होते, भेगा आणि न भरणारा व्रण निर्माण होतो, आणि काही जणांत अखेरीस शल्कपेशींचा कर्करोग उद्भवतो. वैद्यकीय ग्रंथांत तो धोतराचा कर्करोग म्हणून नोंदला गेला. पुढे साडीच्या परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही कंबरेवर असाच कर्करोग आढळला. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरल्याने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग त्याआधीच माहीत होता. परंतु तेथे कारण भाजणे हे होते, येथे नुसते घर्षण. हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि धोतर नेसणाऱ्या असंख्य लोकांपैकी फारच थोड्यांना तो होतो. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण वस्त्र सैल नेसणे किंवा गाठीची जागा बदलणे एवढ्या साध्या उपायाने तो टाळता येतो.

या संशोधनाचा रोख भारतीयांच्या वंशात काही दोष शोधण्याकडे नव्हता. बदलता येण्याजोग्या सवयींकडे होता. एल. डी. संघवी यांच्यासह खानोलकरांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला. संघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या निबंधात तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. तंबाखू व कर्करोग यांच्या संबंधावर पाश्चात्त्य देशांतील चर्चा तेव्हा मुख्यतः सिगारेट आणि फुप्फुसे यांभोवती फिरत होती. चघळण्याच्या तंबाखूला त्या चर्चेत जागा मिळण्यासाठी भारतातूनच पुरावा पुढे यावा लागला.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी जीवशास्त्र, आनुवंशिकी, ऊतकसंवर्धन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन या शाखांतील तरुण संशोधकांना एकत्र आणले. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. पुढे नावाजलेल्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. सत्यवती सिरसाट यांनीही त्यांच्याकडे संशोधन केले आणि भारतातील वैद्यकीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचा पाया घातला. टाटा मेमोरियल रुग्णालय आणि हे केंद्र १९६६ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत टाटा मेमोरियल केंद्र या एकाच संस्थेत विलीन करण्यात आले.

कुष्ठरोगावरील संशोधन

कुष्ठरोग त्वचेवर दिसतो, पण त्याचे मूळ नुकसान मज्जातंतूंचे असते. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या, फिकट व बधिर चट्ट्यांचे ऊतक तपासून जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंमध्ये कसे प्रवेश करतात व तेथून कसे पसरतात, याचा अभ्यास केला. हा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगावरील एका प्रमाणभूत इंग्रजी ग्रंथातील विकृतिशास्त्राचे प्रकरणही त्यांनी लिहिले. त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून वाढविलेल्या जंतूचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो आणि पुढे कुष्ठरोगाच्या लशीसाठी वापरला गेला.

लेसरच्या काळातील महत्त्व

खानोलकरांच्या उमेदीच्या काळात मस, चामखीळ किंवा तीळ काढायचा म्हणजे चाकूने कापणे, विजेच्या तापत्या तारेने जाळणे किंवा दाहक द्रव्य लावणे, असे मार्ग होते. बारामतीत जन्मलेल्या व पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. त्याच्या १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांची ऊर्जा पेशींतील पाणी शोषून घेते आणि वाढीचे थरामागून थर वाफ होऊन उडतात. रक्तस्राव अल्प होतो, टाके लागत नाहीत. हा उपचार आता महानगरांपुरता राहिलेला नाही. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांतही तो होतो.

मात्र वाफ झालेल्या वाढीचा तुकडा मागे उरत नाही आणि तुकडा नसला की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास काहीच राहत नाही. त्वचेच्या कर्करोगांपैकी मेलॅनोमा हा सर्वांत घातक प्रकार आरंभी साध्या तिळासारखा दिसू शकतो. तो लेसरने जाळला गेल्यास वरची खूण नाहीशी होते, आत गेलेल्या पेशी तशाच राहतात आणि निदान लांबते. म्हणून आकार किंवा रंग बदलणारी, कडा वेड्यावाकड्या असलेली, रक्त येणारी किंवा न भरणारी वाढ लेसरने न उडविता तिची आधी बायोप्सी करावी, असा त्वचारोगशास्त्राचा दंडक आहे. भारतीय रुग्णांत तळपाय, तळहात व नखाखालची जागा विशेष काळजीपूर्वक पाहावी लागते, कारण गव्हाळ व सावळ्या त्वचेत मेलॅनोमा दुर्मीळ असला तरी तो बहुधा याच जागी होतो.

पदे व सन्मान

भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या स्थापनेत खानोलकरांचा पुढाकार होता आणि ते तिचे पहिले अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. त्यांचे शंभराहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. टाटा मेमोरियल केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन संकुलात कर्करोग संशोधन संस्थेच्या इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव देण्यात आले आहे.